डाकोटाच्या बरोबरीने

२०२२ च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावरून ‘टांगाइल’ नावाची तीन विमानांची रचना गेली. पुढे पंख्यांचं जुनं डाकोटा, मागे दोन बाजूंना दोन डॉर्नियर. डिसेंबर १९७१ च्या बांगलादेश युद्धात टांगाइलला उतरलेल्या छत्रीधारी सैनिकांची आठवण म्हणून हे नाव. डाकोटा ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास सुखात असतं. डॉर्नियर चारशेच्याही पुढे जातं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बहुधा म्हाताऱ्या डाकोटासाठी. घाम मात्र डॉर्नियरवाल्यांचा गळाला असणार.

सिम्युलेटरवर हा खेळ घरबसल्या करून बघता येतो. एकाने महायुद्धातलं स्पिटफायर घ्यायचं, दुसऱ्याने एफ-१६ आणि दोघांनी पंखाला पंख लावून उडायचं. पहिली पाच मिनिटं फजितीची जातात. जेटवाला थ्रॉटल मागे घेतो तरी विमान घसरत पुढे निघून जातं. पुन्हा रेटतो, तर इंजिनाला जोर धरायला वेळ लागतो आणि तोवर सोबती लांब गेलेला असतो. स्पिटफायरचं तसं नाही. थ्रॉटल ओढला की समोरचा भलामोठा पंखाच ब्रेकसारखा हवा अडवतो. वेग कमी करावा तसं जेटचं नाक वर येतं आणि खाली असलेला सोबती त्या नाकाआड दिसेनासा होतो. एकाच जातीच्या विमानांना खुणा ठरलेल्या असतात: पुढच्याच्या पंखाच्या टोकाचा दिवा त्याच्या अंगावरच्या अमुक चिन्हाशी जुळला की आपण जागेवर. जाती वेगळ्या असल्या की खुणा नव्याने शोधाव्या लागतात.

एक गोष्ट इथे लगेच कळते. दोन्ही विमानं एकच आहेत असं मानून चाललं की रचना मोडते. डाकोटाला डॉर्नियरच्या वेगाने ओढू म्हटलं तर ते मागे पडणार. जेटला त्याच्या किमान वेगाखाली आणलं तर पंखांवरची हवा सुटून ते कोसळणार. धर्मांच्या बाबतीत मात्र आपण हेच विसरतो. आपल्याकडे सर्वधर्मसमभावाची भाषणं होतात ती बहुतेक ‘शेवटी सगळे एकच’ या वाक्यावर येऊन थांबतात. ऐकायला गोड आहे, पण एकत्र चालायला एकसारखं असावं लागतं हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ते खरं आहे का?

सांगली जिल्ह्यातलं कडेगाव या प्रश्नाला कधीचं उत्तर देत आलंय. तिथल्या मोहरमचे ताबूत गगनचुंबी म्हणून ओळखले जातात. बांबूचे, शंभर फुटांच्याही पुढे जाणारे. आठ कोनांचे मजले चिकणमातीत भिजवलेल्या सुताने बांधतात आणि बांधणी कळसाकडून पायाकडे येते. ताबूत मुसलमानांचे तसे हिंदू घराण्यांचेही. मोहरमच्या दिवशी ते खांद्यावर निघतात आणि एकमेकांच्या भेटी घेतात. एवढा उंच डोलारा उचललेल्यांना शेंडा दिसत नाही, झोक मात्र खांद्याला कळतो. भेट घडवायची म्हणून कुणी आपला ताबूत छाटून शेजारच्याच्या मापाचा करत नाही. खांदा देणाऱ्या हिंदूने कलमा म्हणावा अशी अट नाही, आणि तो हिंदू आहे म्हणून करबलाचं दुःख पातळही होत नाही.

उलट, एकसारखेपणाचा धोका विमानवाल्यांना चांगला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेच्या ‘थंडरबर्ड्स’ या पथकाची चार टी-३८ विमानं नेवाडाच्या वाळवंटात सराव करत होती. चारही एकाच जातीची. गिरकी घेऊन खाली येताना म्होरक्याचं विमान वेळेत वर निघालं नाही. बाकीच्या तिघांची नजर शिस्तीप्रमाणे त्याच्यावरच होती. चौघेही जमिनीवर आदळून गेले. गुरूच्या पावलावर पाऊल टाकण्याबद्दल बोलणाऱ्यांनी ही घटना मनात ठेवायला हरकत नाही.

सिम्युलेटर आणखी एक पेच टाकतो. दोघे दोन गावांतून खेळत असले तर एकाची हालचाल दुसऱ्याच्या पडद्यावर पोहोचायला वेळ लागतो. ताशी चारशे किलोमीटरच्या वेगाने विमान सेकंदाच्या दहाव्या भागात अकरा मीटर पुढे सरकतं, म्हणजे डाकोटाच्या अर्ध्या लांबीहून जास्त. त्यामुळे मागचा आपल्या पडद्यावर बरोबर जागेवर असतो आणि पुढच्याच्या पडद्यावर बराच मागे. कधी एकाच्या पडद्यावर टक्कर होते, दुसऱ्याच्या पडद्यावर काहीच घडत नाही. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांना अनेकांतवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हे मत, समजवायला याहून वेगळा दाखला नको. मात्र अनेकांत म्हणजे ‘ज्याचं त्याचं खरं’ असा सैलपणा नव्हे. प्रत्येक विधान कोणत्या बाजूने केलंय ते सांगण्याची त्यात सक्ती आहे. मुरलेले खेळाडूही तेच करतात: ‘माझ्याकडे तू मागे दिसतोयस’ असं बोलून घेतात.

सगळ्याच जोड्या जमतात असंही नाही. सेसना १७२ बरोबर एफ-१६ ने रेंगाळायचं म्हटलं तर जमतच नाही. सेसनाचा नेहमीचा वेग एफ-१६ च्या धावपट्टीवर उतरण्याच्या वेगाहूनही कमी. तिथे जेटने घिरट्या घालाव्या, एवढंच. काही मतांचंही असंच असतं, आणि ते कबूल केल्याने समभावाला बाध येत नाही.

मग सवलत कुणी द्यायची? वेगवानाने, असं उत्तर चटकन येतं. पण १९५० च्या दशकात अमेरिकेचं केसी-९७ हे पंख्यांचं टँकर विमान बी-४७ या जेट बॉम्बरला हवेत इंधन पुरवायचं, तेव्हा तेवढ्याने भागत नसे. जेट पडायच्या बेताइतकं हळू यायचं, तरी टँकर कमीच पडायचा. म्हणून दोघे मिळून उतरणीला लागायचे, म्हणजे संथ विमानालाही वेग मिळे. इंधन घेता घेता जेट जड होई, त्याला आणखी वेग लागे, आणि टँकरची धडपड वाढे. १९५७ मध्ये जेट इंजिनांचं केसी-१३५ आलं आणि हा खटाटोप हळूहळू मिटला. यंत्रांच्या बाबतीत असं जुळतं विमान काढता येतं. अकबराने १५८२ च्या सुमारास दीन-ए-इलाही काढून धर्मांच्या बाबतीत तसं करून पाहिलं. अनुयायी बोटांवर मोजण्याइतके मिळाले, आणि अकबरामागे तो पंथही टिकला नाही.