थांबण्याची तारीख

डेबियन ही १९९३ साली सुरू झालेली संगणकाची एक कार्यप्रणाली. जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात आणि ती कुणालाही मोफत वापरता येते. तिच्या एका आवृत्तीत आज जवळजवळ सत्तर हजार पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरची सुटी गाठोडी, असतात. पॅकेजची काळजी वाहणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. बहुतेक मेंटेनर हे काम आपली नोकरी, घर सांभाळून करतात.

साधारण दोन वर्षांनी डेबियनची नवी आवृत्ती येते. ती नेमकी कधी येणार, हे फार आधी कुणी सांगत नाही. तयार झाली की येईल, एवढंच. थांबायचं कधी, हे मात्र आधी ठरतं. त्या थांबण्याला फ्रीझ म्हणतात. ट्रिक्सी नावाच्या तेराव्या आवृत्तीचा फ्रीझ १५ मार्च २०२५ ला सुरू झाला. आधी मोठे बदल थांबले. महिन्याभराने नव्या पॅकेजेसना दार बंद झालं. मग आणखी कडक टप्पे आले. आवृत्ती बाहेर पडली ९ ऑगस्टला. जवळजवळ पाच महिने, बहुतेक वेळ हात आवरण्यात गेला.

हात आवरणं सोपं नसतं. हार्फबझ ही लायब्ररी घ्या. अक्षरांना पडद्यावर आकार देण्याचं काम ती करते. 'वाऱ्यावर' लिहिताना अर्धा र कसा वळावा, 'किती' लिहिताना वेलांटी क-च्या आधी कशी यावी, हे तिला ठाऊक असतं. लिबरऑफिससारखी कितीतरी पॅकेजेस तिच्यावर विसंबून आहेत. इथे एक ओळ बदलली, तर दूर कुठेतरी कुणाच्या तरी भाषेतलं जोडाक्षर फुटू शकतं.

अशा पॅकेजची नवी, सुधारलेली आवृत्ती ऐन फ्रीझमध्ये येते. ती चांगली आहे, हे मेंटेनरला कळत असतं. तरी तो ती बाजूला ठेवतो. गंभीर दोष दुरुस्त करणाऱ्या दोन-चार ओळी तेवढ्या तिच्यातून उचलतो आणि जुन्या आवृत्तीत बसवतो. बदलांच्या नोंदीत वजा चिन्हाची ओळ गेलेली, अधिक चिन्हाची ओळ आलेली. बाकी सगळं जसंच्या तसं.

तेवढ्यासाठीही त्याला अर्ज करावा लागतो. अर्जात विचारलेलं असतं : बदल कशासाठी? तपासून पाहिला का? धोका काय? आणि एक प्रश्न असा, की हा बदल झाला नाही तर वापरणाऱ्याचं काय अडेल? आवृत्ती बाहेर काढणाऱ्या रिलीज टीममधलं कुणीतरी तो अर्ज वाचतं, बदललेल्या ओळी पाहतं, मग परवानगी देतं किंवा नाही देत.

त्या शेवटच्या प्रश्नापाशी मन रेंगाळतं. बदल चांगला आहे का, असं तो विचारत नाही. बदल करणाऱ्याला काय वाटतं, हेही नाही. ज्याचं नाव ठाऊक नाही, जो कधी भेटणार नाही, अशा माणसाचं काय अडेल, एवढंच तो विचारतो. चांगलं आहे म्हणून आत घ्यायचं, हा उत्साह झाला. अडणार आहे म्हणूनच आत घ्यायचं, ही जबाबदारी.

भात शिजला तरी झाकण लगेच काढत नाहीत. वाफ जिरू देतात. तेवढ्या वेळात भातात कुणी काही घालत नाही. तरी तो तयार होत असतो.

आपली कामं बहुधा उलट चालतात. संपवायची तारीख ठरलेली असते, थांबायची नसते. त्यामुळे शेवटच्या घटकेपर्यंत काहीतरी घालत राहतो. आणखी एक परिच्छेद, आणखी एक सूचना, मुलाला घराबाहेर पडता पडता आणखी एक उपदेश. त्यातलं प्रत्येक चांगलंच असतं. त्यामुळेच ते आवरत नाही.

डेबियनमध्ये बाजूला ठेवलेलं वाया जात नाही. आवृत्ती बाहेर पडली की दारं पुन्हा उघडतात आणि थांबलेले बदल एकेक करून आत येऊ लागतात. त्यांना नाकारलेलं नव्हतं. त्यांची वेळ आली नव्हती. आज हातात असलेल्या कामाबद्दल तो अर्जातला प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. हे मी आत्ता केलं नाही, तर कुणाचं काय अडेल? उत्तरात एखादं माणूस दिसलं, तर काम करावं. आपणच दिसलो, तर ते उद्यावर ठेवता येतं.