वजनावर गेलेले इंजिन

तहसिलीच्या दप्तरात जमिनीचा एखादा तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला की त्याचा फेरफार नोंदला जातो, आणि दोन पिढ्यांनंतर एखादा वारस चौकशीस आला तरी आपल्या आज्याने काय विकले व कोणास विकले याचा त्यास पत्ता लागतो. परंतु ज्या यंत्राने त्याच जमिनीला वर्षानुवर्षे पाणी पाजले, ते घरातून गेले तर त्याची नोंद कोठेच राहत नाही. शिरगावात पवनेच्या काठी आमचे जे इंजिन होते, ते असेच गेले. वीज आली, मोटार बसली, दोन पावसाळे इंजिन पत्र्याखाली पडून राहिले आणि एके दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. ते देण्यास संमती माझीच होती.

तगाई काढून वडिलांनी घेतलेले ते लिस्टर धर्तीचे, एका सिलिंडरचे, दोन्ही अंगांना जड चाके असलेले डिझेल इंजिन होते. इंग्लंडातील डर्स्ली येथे १९३० च्या सुमारास निघालेला हा नमुना पुढे राजकोटच्या कारखान्यांतून आपल्याकडे सर्रास होऊ लागला. आपल्या मुलखातही या उद्योगाचे बीज होतेच: साताऱ्यास कूपरांचा कारखाना होता, आणि खडकीस १९४६ साली किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांचा स्वतंत्र व्यवसाय मांडला. आमच्या इंजिनाचे फेरे मिनिटास अवघे साडेसहाशे. त्याचे दीर्घायुष्य त्या संथपणातच होते, कारण जे सावकाश फिरते ते सावकाश झिजते, आणि जे झिजते ते तालुक्याच्या गावी मिळणाऱ्या साध्या पान्यांनी उघडून बदलता येते.

ते सुरू करणे हे एक कसब होते. प्रथम पंपाच्या तोंडातून बादल्यांनी पाणी भरायचे, फूट व्हॉल्व्ह धरतो की नाही ते पाहायचे, मग डोक्यावरची खिट्टी उचलून सिलिंडरमधला दाब मोकळा करायचा, हँडल घालून चाकांना वेग आणायचा, आणि वेग पुरेसा झाला असे खांद्याला कळताच खिट्टी पाडायची. हँडल धरताना अंगठा पलीकडून वळवायचा नाही, बोटांच्याच अंगाला ठेवायचा, कारण इंजिन उलट मारले तर वळलेला अंगठा मोडतो. वडिलांनी माझा अंगठा स्वतःच्या हाताने उचलून बोटांशेजारी ठेवला होता. त्या दिवशी त्यांच्या तळहाताला आलेला डिझेलचा वास मला अद्याप ओळखता येतो. घरी ओसरीवर बसूनही नदीकाठचे पाणी तुटले हे त्यांस उमगत असे, कारण भार सुटला म्हणजे इंजिनाचे ठोके एकाएकी हलके होत.

याचा अर्थ वीज आली हे वाईट झाले, असे मी म्हणत नाही. धूर, आवाज, कडाक्याच्या थंडीत दहादा फिरवावे लागणारे हँडल, डिझेलसाठी उसनवार हे सारे मी भोगले आहे, आणि मोटारीचे बटण दाबणाऱ्या हातास दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझी खंत निराळी आहे. आम्ही इंजिन टाकले तेव्हा त्याबरोबर कोणते ज्ञान घरातून जाते आहे याची रुजुवात केली नाही. काट्यावर लोखंड तोलले गेले. खांद्याला कळणारा वेग, कानाला कळणारा भार, अंगठ्याची जागा यांस काट्यावर मोल नव्हते. पुढे भारनियमनाच्या दिवसांत भाताच्या खाचरात पाणी आटत असता मोटारीपुढे हात जोडून उभे राहण्यापलीकडे आम्हांस काही करता येईना, तेव्हा प्रथमच ध्यानी आले की पूर्वी शक्ती आमच्या मालकीची होती आणि आता ती आम्हांस दुरून, दुसऱ्याच्या मर्जीने मिळते.

घाटातल्या रेल्वेने निदान एवढे केले की, कल्याण ते पुणे या मार्गावर विजेचे युग आले त्या काळी बोरघाट चढण्यास आणलेल्या, ज्यांना रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत त्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात राखून ठेवले. त्याबद्दल मला आदर आहे. परंतु शेतकऱ्याच्या इंजिनास संग्रहालयातील आसन नको. त्यास वर्षातून चार वेळा तेल, डिझेल आणि फिरवणारा हात हवा. स्थिर उभे राहिलेले यंत्र गंजते, आणि ते चालविण्याची विद्या त्याहूनही लवकर गंजते.

प्रतिशिर्डीच्या मंदिराकडे येणाऱ्या गर्दीने आता आमच्या गावाची वाट बदलली आहे, द्रुतगती मार्ग जवळून जातो, आणि नदीकाठच्या कित्येक वावरांचे भूखंड झाले आहेत. तरी मावळात अद्याप एखाद्या गोठ्यात, गोणपाटाखाली, असे एखादे इंजिन असेलच. ज्याच्या घरी ते असेल त्यास माझी विनंती आहे: भंगारवाल्यास हाक मारण्यापूर्वी ते एकदा सुरू करा, घरातल्या पोराच्या हाती हँडल द्या, आणि त्याचा अंगठा आपल्या हाताने उचलून बोटांच्या अंगाला ठेवा.