टाळ कुणासाठी धरायचा?

टाळ चुकू न देणे आणि भजनात असणे, या दोन गोष्टी एकच आहेत का? हा प्रश्न मला एका पोराच्या व्हिडिओ गेमने घातला, म्हणून आपल्यापुढे ठेवतो.

वैशाखातली गोष्ट. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेला निघालो होतो, एकादशीचा रथ गाठायचा होता. नरडाणा स्टेशनवर सुरतेकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो. बाकावर शेजारी आजीसोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा. आईवडील सुरतेला कामाला, पोरगा सुट्टीत गावी आलेला. दोन्ही हातांत गेम, आणि त्यातून ढोलाचा आवाज. रागवायला तोंड उघडले, पण पडद्याकडे पाहून थांबलो.

तो जपानी ढोलाचा खेळ होता, ‘तायको नो तात्सुजिन’. नामको कंपनीने २००१ साली तो आधी दुकानातल्या मोठ्या यंत्रावर आणला, मग तो हातात धरायच्या यंत्रांवर आला. गाणे सुरू होते आणि उजवीकडून लाल-निळे गोळे सरकत येतात. लाल गोळा खुणेच्या वर्तुळावर आला की ढोलाच्या पुडीवर थाप, निळा आला की काठावर. बटण नेमक्या क्षणी दाबायचे. यंत्र प्रत्येक थापेचा निवाडा करते: उत्तम, ठीक, चुकली. सलग बरोबर थापांची मोजणी चालते, आणि एक चुकली की पुन्हा शून्यापासून.

पोराची पापणी हलत नव्हती. माझ्या मनात आले, सकाळच्या हरिपाठात माझे हात टाळावर होते आणि चित्त कांद्याच्या भावात. एकाग्रता कुणाची खरी म्हणायची?

“खेळून बघा ना, बाबा,” म्हणून त्याने गेम माझ्या हातात दिला. तीस वर्षे टाळ वाजवणारा मी, पहिल्या ओळीतच गडबडलो. पोरगा म्हणाला, “गोळ्यांकडे नका बघू, गाणं ऐका.” मला हसू आले. नव्या टाळकऱ्याला मी हेच सांगतो: दुसऱ्याच्या हाताकडे बघू नको, मृदंग ऐक.

आता आपण म्हणाल, खेळ तो खेळ आणि भजन ते भजन. खरे आहे. यंत्र कुणासाठी थांबत नाही. दिंडीत एखाद्या म्हाताऱ्या माऊलीचा टाळ चुकला तर मृदंगी ठेका धरून राहतो, शेजारचा आपले टाळ जरा वर धरून दाखवतो, आणि चार पावलांत ते सगळ्यांत मिसळून जातात. तिथे चूक मोजली जात नाही, सामावून घेतली जाते. मोठा फरक आहे हा.

पण माऊली, आपण खरेच मोजत नाही का? कुणाच्या किती वाऱ्या झाल्या, माईक कुणाला मिळाला, कुणाच्या चालीला ‘वा’ आली, हा आपलाही पडदाच आहे. आणि एक गोष्ट मला कबूल करायची आहे. आमच्या सप्ताहात एक मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याचा टाळ सारखा चुकत होता. भर कीर्तनात मी त्याच्या हातातून टाळ काढून घेतले. तो पुन्हा कधी आला नाही. गेमचे यंत्र पोराला ‘चुकली’ म्हणते, पण चार लोकांत त्याची मान खाली घालत नाही. गाणे संपले की पुन्हा खेळू देते. मी तेवढेही केले नव्हते. त्या दिवशी माझा टाळ एकदाही चुकला नव्हता, तरी भजनात मी नव्हतो.

ताल जपावा, साधनाला शिस्त हवीच. पण ती शिस्त कशासाठी, हे विसरलो की आपण फक्त गुण मिळवत राहतो. आपला टाळ पक्का असतो तो शेजाऱ्याला आधार मिळावा म्हणून.

गाडी आली. बेटावद मागे पडले तेव्हा पिशवीतून टाळ काढून मी त्या पोराच्या हातात दिले. त्याचा हात फार घाईने चालत होता. मी भजनाची लय उतरवली, तो सापडेपर्यंत. समोरच्या बाकावरची आजीही गाऊ लागली.

पुढच्या सप्ताहात आपल्या शेजारी कुणी चुकला, तर तेवढी लय आपणही उतरवाल ना? रामकृष्णहरी.