बाजारांतील घासाघीस

आठवडी बाजारांत जिन्नस घेतांना घासाघीस करणें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यांत न्यायाची मोठी गोष्ट आहे. कोणी म्हणतात, सांगितलेली किंमत मुकाट्यानें द्यावी. कोणी म्हणतात, भाव न करतां घेणारा मूर्ख होय. हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत.

भाव करणें ही सर्वदा लबाडी नव्हे. बैल घेणारा त्याचे दांत पाहतो, त्यास चालवून पाहतो, आणि मग आपला भाव बोलतो. दोघांसही रीत ठाऊक असते, म्हणून कोणी कोणास फसवीत नाहीं. दोष शिरतो तो दोन वाटांनीं.

पहिली वाट असत्याची. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांत एक घेणारा दाखविला आहे. तो घेतेवेळीं मालास नांवें ठेवतो, आणि घेऊन निघाल्यावर बढाई मारतो. चांगल्या वांग्यांस किडकीं म्हणणें ही खोटी साक्ष होय. मनांत एक किंमत व मुखांत दुसरी, हें असत्यच, असें मानून इंग्लंडांतील क्वेकर लोकांनीं सतराव्या शतकांत आपल्या दुकानांत एकच भाव ठेविला. आरंभीं त्यांचें गिऱ्हाईक तुटलें. पुढें लहान मूल पाठविलें तरी तेथें फसत नाहीं, असा अनुभव येऊन लोक त्यांच्याच दुकानीं येऊं लागले.

दुसरी वाट दुसऱ्याच्या अडचणीची. ही आपल्या वर्धा जिल्ह्यास समजावून सांगणें नको. हिंगणघाट, आर्वी, पुलगांव येथें कापूस नेणारा शेतकरी जाणतो कीं, भरून नेलेली गाडी परत आणणें कठीण. ओल आहे, कवडी आहे, असें म्हणून भाव पाडणारास हें ठाऊक असतें. एके काळीं देशांतील अनेक बाजारांत अडत्या व व्यापारी रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्यासच तो कळत नसे. शेतकऱ्याची ही नाडणूक पाहून 1928 सालीं शाही शेतकी कमिशननें नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि 1932 सालीं मध्यप्रांतांत कापूस बाजाराचा कायदा झाला.

परंतु तोच शेतकरी सायंकाळीं भाजीवालीपुढें उभा राहतो. दिवस मावळला आहे, मेथी उद्यांपर्यंत टिकणार नाहीं, तिला गांवीं परतावयाचें आहे, हें तो पाहतो. गरिबानें उतरत्या वेळीं स्वस्त भाजी घ्यावी, ह्यांत दोष नाहीं. फेकून देण्यापेक्षां विकणें तिच्याही हिताचें आहे. तथापि तिनें आपण होऊन उतरविलेला भाव निराळा, आणि "मी नाहीं घेतली तर कोण घेणार?" असें म्हणून काढलेला भाव निराळा. दुसरा भाव तिच्या निरुपायाचा आहे. आणखी पाहा, बंद पुड्यावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते, तींतून कमी मागण्यास कायद्याची मनाई नाहीं. तरी ती आपण निमूटपणें देतों. बलवानापुढें आपली घासाघीस मुकी होते, दुर्बळापुढें तिला वाचा फुटते.

किंमत कोठून मोजावी, ह्याचा विचार वर्ध्यासच झाला आहे. 1935 सालीं गांधीजी मगनवाडींत राहत असतां, कांतणाऱ्या बाईस आठ तासांच्या कामाबद्दल पोटापुरती मजुरी कां मिळूं नये, असा प्रश्न त्यांनीं चरखा संघापुढें ठेविला. खादी महाग होईल हें जाणूनही संघानें त्याच वर्षीं अन्नवस्त्रास पुरेल अशी किमान मजुरी देण्याचें धोरण स्वीकारलें. त्याच मगनवाडींत ग्रामोद्योग संघाचें काम चालविणारे जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती गृहस्थ होते. माल कोणाच्या कष्टानें व कोणत्या रीतीनें तयार झाला, ह्याची जबाबदारी तो घेणारावरही येते, असें ते प्रतिपादन करीत.

तर मग आपण काय करावें? भाव करावा, परंतु मालाविषयीं खोटें बोलूं नये. विकणाराची अडचण पाहून बोली खालीं ओढूं नये. आणि ज्या रीतीनें आपल्या कापसाचा किंवा मजुरीचा भाव पाडलेला आपणांस खपत नाहीं, त्या रीतीनें दुसऱ्याचा पाडूं नये. ह्यानें कधीं दोन रुपये अधिक जातील, आणि गरिबाच्या घरीं दोन रुपयेही थोडे नव्हेत. म्हणून ज्यास ते परवडत नाहींत त्यानें तसें सरळ सांगावें, अथवा थोडें कमी घ्यावें; परंतु भाजीवालीच्या पोटांतून ते काढूं नयेत. उपदेशक बंधूंनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. रविवारीं न्यायाविषयीं बोलणारा मनुष्य बाजाराच्या दिवशीं कसा बोलतो, हें सर्व गांव पाहत असतें.