बांधाजवळ

बसा.

खांदे सैल सोडा. जबडा सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या, त्याला वळण लावू नका.

आता डोळ्यांसमोर एक बांध येऊ द्या.

कुरुळीचा बांध. मोशी मागं टाकून नाशिक रस्त्यानं चाकणकडं निघालं की शेडचे पत्रे, गोदामं, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागतात. त्यांच्या मधेमधे काही वावरं अजून शिल्लक आहेत. अशाच दोन वावरांमधला हा बांध.

रस्त्यावर कंटेनर खोळंबलेत. एअरब्रेकचे फुसकारे येतायत. कंपनीच्या बस सकाळच्या शिफ्टची माणसं घेऊन चालल्यात. तो आवाज राहू द्या. त्याच्या अलीकडं बांध आहे, तिकडं लक्ष असू द्या.

ज्येष्ठ लागलाय. एका बाजूची नांगरट झालीय, दुसऱ्या बाजूची चालू आहे. मधे ही एवढी पट्टी, नांगर न लागलेली.

पाहा.

हरळी आहे. तरवडाची पिवळी फुलं आहेत. एक बोर आहे, वाकडी. हद्दीचा दगड आहे, अर्धा मातीत गेलेला. कुणीतरी कधीतरी त्याला चुना लावला होता. तो आता खळग्यांत तेवढा उरलाय.

मुंग्यांची रांग या वावरातून निघते, बांध चढते, त्या वावरात उतरते.

थांबा इथं. एक श्वास आत. एक बाहेर.

या बांधावरून इकडचा माणूस घरी जातो, तिकडचाही जातो. शेळीला गवत दोन्ही घरच्या बायका इथूनच कापून नेतात. पावसात वाहून जाणारी माती इथं अडते, दोन्हीकडची. दुपारची भाकरी बोरीखाली सुटते, दोन्हीकडची.

नुसतं पाहत राहा.

आता ट्रॅक्टर जवळ येतोय. मालक मडगार्डवर बसलाय. शेवटचं तास राहिलंय. नांगर बांधाला लागून येतो.

मालक बोलत काहीच नाही. हात तेवढा हलवतो, अगदी थोडा. अजून जरा.

फाळ बांधात शिरतो. हरळीची मुळं तुटतात. ऐका तो आवाज. नवं कापड टरकावल्यासारखा.

वीतभर माती इकडं पडली.

श्वास घ्या.

आता थोडं मागं जाऊ या. हात हलला, त्याच्या आधी. तिथं थांबा.

नजर एकदा तिकडच्या वस्तीकडं जाऊन आलीय. शेजारी बाहेर आहे का? नाही. अंग पुढं झुकलंय. बोटं किंचित वळलीत. श्वास घशाशी थांबलाय.

इथं बराच वेळ राहू या. मला सगळ्यात जास्त इथंच थांबावंसं वाटतं, कारण हाव इतकी लहान असताना क्वचितच दिसते. ती दिसते तेव्हा तिच्यावर कुंपण पडलेलं असतं, दावा लागलेला असतो, दोन घरांचं बोलणं बंद झालेलं असतं. इथं ती अजून फक्त एक झुकलेलं अंग आहे.

या माणसाला वाईट म्हणू नका. त्याच्या छातीपाशी कान न्या. आत काय चाललंय?

आज्याच्या वेळी बांध पलीकडं होता. त्यांनीच आधी कोरलाय. मी माझंच परत घेतोय.

ऐकलंत? हाव न्यायाच्या आवाजात बोलते. म्हणून ओळखू येत नाही.

पुन्हा ऐका. माझंच परत घेतोय. त्या वाक्याखाली काहीतरी थरथरतंय. त्याला नाव देऊ नका. थरथर तेवढी जाणवू द्या.

श्वास आत. बाहेर.

आता मोजू या, सावकाश. जुन्या मोजणीची शंकुसाखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर.

हा बांध दहा साखळ्या लांब आहे असं धरा, ३३० फूट. वीतभर म्हणजे नऊ इंच. सालाला एकच तास. पाचव्या साली गुंठा पुरा होतो.

पाच ज्येष्ठ. पाच वेळा हलवलेला हात.

पूर्वी इथं या मातीकडं बाजरी किती, कांदा किती, असं बघायचे. मग कारखाने वाढत गेले. मर्सिडीझ आणि फोक्सवॅगन २००९ साली चाकणला आल्या. आता एजंट येतो, बांधावर उभा राहतो आणि गुंठ्यानं बोलतो. ज्यांनी विकलं त्यांना लोक हसून गुंठामंत्री म्हणतात. मला ते हसू आवडत नाही. गळ्यातली साखळी आणि पांढरी गाडी बोटानं दाखवता येते, आणि आपल्या हाताकडं बघायचं राहून जातं.

तुमचा हात आत्ता कुठं आहे? मांडीवर? त्याचं वजन जाणवू द्या.

पुन्हा बांधाकडं या.

दर साली तो थोडा बारीक होतो. आधी त्यावरून बैलगाडीचं चाक जायचं. मग डोक्यावर भारा घेतलेली बाई. मग एकटं माणूस, पाय जपत. मग मुंग्या.

शेजाऱ्याचं वावर जागेवर आहे. मालकाचं वावर वीत-वीत करत वाढलंय. आणि दोघं ज्यावरून चालत होते ते उरलेलं नाही.

इथं काही बोलू नका. बोरीची मुळं उघडी पडलीत, त्यांच्याकडं पाहा.

एक श्वास. अजून एक.

कुरुळीच्या दक्षिणेला इंद्रायणी वाहते. देहूहून येते, आळंदीला जाते. आता तिच्या काठाशी या.

देहूत तुकोबांच्या, म्हणजे आंबिल्यांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६२९-३० चा दुष्काळ त्या घरावरून गेला. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा त्यात गेले. पुढं त्यांनी कुळांकडून घेतलेली कर्जाची खतं नदीत सोडली, असं परंपरा सांगते. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आज तिच्यातल्या एकाच बारीक जागेपाशी बसू या.

खतांचे दोन वाटे केलेत. एक धाकट्या भावाचा, कान्होबाचा. एक स्वतःचा.

कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हातात. पाण्यात फक्त स्वतःचा.

पाहा ते हात. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं सोडणं चाललंय, आणि तरी त्याला आपला वाटा नेमका कुठं संपतो हे माहीत आहे. भावाचं पुण्यही तो आपल्या हातानं करत नाही. सोडतानाही बांध शाबूत आहे.

मला या दोन वाट्यांचा फार आधार वाटतो. सगळं सोडून देणं आपल्यातल्या बहुतेकांना जमणार नाही. आपली कड ओळखणं मात्र आज सकाळीही जमण्यासारखं आहे.

कागद पाण्यावर थोडा वेळ तरंगतो. कडेनं भिजतो. शाई सुटते.

राहा तिथं. श्वास मोजू नका.

आता तुमच्या घरी या.

दिवाळी झालीय. भाऊबीजेला बहीण आलीय. ओवाळून झालं. ताटात साडी ठेवली, वर पाकीट ठेवलं. चहाचे कप अजून तिथंच आहेत.

कपाटातून फाइल निघते. हक्कसोडपत्र.

१९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून सगळ्या देशात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. खोलीत हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.

"हे जरा तेवढं, आक्का. तलाठ्याकडं लागतंय."

बोट कागदावर टेकतं. सही इथं.

ते बोट तुमचं आहे.

थांबा. मघाची जागा आलीय. अंग पुढं झुकलंय का, पाहा. श्वास घशाशी आहे का? आतून कुणी बोलतंय का? लग्नात तिला दिलंच होतं. आईवडिलांना मी बघितलं. सगळं खरं असेल. बोलू द्या त्याला, पुरतं बोलून होऊ द्या. तोवर बोट हलवू नका.

ती कागद वाचत नाहीये. ती तुमच्याकडं बघतेय.

श्वास खाली येऊ द्या, पोटापर्यंत.

बोट उचला. फाइल मिटवा. पेन तिच्या हातातून घ्या, कप बाजूला करा आणि विचारा, "आक्का, तुला काय पाहिजे?"

ती लगेच बोलणार नाही. माहेर तुटेल याची तिला भीती आहे. म्हणेल, मला काही नको रे.

तेवढ्यावर खूश होऊन उठू नका. बसून राहा. दुसऱ्यांदा विचारा.