शुक्रवारची भज्जी



प्रायश्चित्तकाळात एक प्रश्न हमखास येतो : “फादर, शुक्रवारी मटण सोडलं, पण त्याजागी चमचमीत भज्जी केली, तर त्याग कसला?”

प्रश्न रास्त आहे. वेळ अमावस्येची भज्जी आपल्या धाराशिवकरांना काय सांगावी! ओली तूर, हरभरा, वाटाणा, गाजर, वांगी, मेथी, पातीचा कांदा, वर चिंचेचा कोळ. सोबत बाजरीचे उंडे अन् आंबील. मटणाची आठवणही होत नाही. (प्रायश्चित्तकाळात ओली तूर संपलेली असते, तूरडाळीवर भागवावे.)

ख्रिस्तसभेची 1983 ची कायदेसंहिता 14 वर्षे पूर्ण झालेल्यांना मांस वर्ज्य करावयास सांगते, चव नव्हे. संत थॉमस अॅक्वायनस तर अन्नातील आनंद पूर्णपणे नाकारणे हाही दोष मानतात. मात्र खादाडपणा केवळ जास्त खाण्यात नसतो. महागड्या पदार्थांचा हट्ट आणि अति चोखंदळपणा हाही खादाडपणाच, असे तेच सांगतात. म्हणजे शुक्रवारी मटणाऐवजी हॉटेलात पनीरच्या तीन भाज्या मागविणाऱ्याने नियम पाळला, एवढेच.

मला अधिक बोचते ते निराळेच. ज्या घरात मटण क्वचितच शिजते, तेथे शुक्रवारी काय सोडावयाचे? यशया संदेष्टा 58 व्या अध्यायात भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे यालाच उपवास म्हणतो. हे गरिबालाही जमते, अन् मटण परवडणाऱ्याला चुकत नाही. वेळ अमावस्येला आपले शेतकरी वाटसरूलाही हाक मारून पंगतीला बसवितात. शुक्रवारी आपल्या दारातून अशी हाक कोणाला जाते?