ठराव आणि मुराळी

एप्रिलअखेरीस विंचुरात कुणाच्या घरी निवांत गप्पांना जाऊ नये. उन्हाळ कांदा चाळीत भरायची घाई, त्यात लग्नसराई, आणि बायांचे हात कुरडयांच्या चिकात. अशाच एका दुपारी न्यू जर्सीहून आलेले आमचे साडू चाळीच्या सावलीत बाज टाकून फोन वाचत पडले होते. बातमी २०२३ची, पण कुणीतरी पुन्हा फिरवलेली. आमच्याच निफाड तालुक्यातल्या सायखेडा ग्रामपंचायतीने ठराव केला होता, की प्रेमविवाहाच्या नोंदणीला आई-वडिलांची संमती सक्तीची करावी. साडू उठून बसले. "भाऊ, आमच्या अमेरिकेतही हेच वारं आहे. कॉन्झर्वेटिव्ह लोक कुटुंब वाचवायला निघालेत. इथं आपल्या गावांनी मनावर घेतलं, हे वाचून बरं वाटलं."

मला बरे वाटले नाही. मी पुरोगामी आहे म्हणून नव्हे. मी चांगला जुन्या वळणाचा माणूस आहे. घर ही सरकारच्या आधीची गोष्ट आहे आणि चार पिढ्यांनी बसवलेली घडी एका अधिवेशनात विस्कटू नये, असे मानणारा. म्हणून तर तो ठराव मला खुपला. पोरीला घरात धरून ठेवायला ज्याला ग्रामसेवकाचा शिक्का लागतो, त्याच्या घराचा आढा आधीच सरकलेला असतो. शिक्क्याने तो जागेवर येत नाही. सरकला आहे एवढे मात्र गावाला कळते.

हा जुन्या वळणाचा विचार कुठून आला, ते वाचकांना नव्याने सांगायला नको. बर्क, फ्रान्सची क्रांती, त्याचे १७९०चे पुस्तक. आपल्याकडे १८७४ पासून चिपळूणकरांची निबंधमाला. एवढेच ध्यानात असू द्यावे, की बर्क केवळ पॅरिसच्या जमावावर उखडला नव्हता. वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवून ईस्ट इंडिया कंपनीच्या मनमानीविरुद्धही तो कित्येक वर्षे भांडला. सत्ता राजाची असो, जमावाची असो की कंपनीची, तिने लोकांच्या उंबऱ्यावर थांबावे, हे या विचाराचे मूळ पीठ. बाकीचे सगळे त्यात पडलेले मीठ-मसाले.

आपल्याकडे या विचाराची खरी परीक्षा झाली १८९१ मध्ये, आणि ती सगळेच चुकीची वाचतात. त्या भांडणाची दोन्ही टोके आमच्या तालुक्याला बांधलेली आहेत. न्यायमूर्ती रानडे १८४२ मध्ये निफाडला जन्मले. टिळकांचे पुण्यातले बिऱ्हाड काही वर्षे विंचूरकरांच्या वाड्यात होते. १८९२ मध्ये विवेकानंद त्यांच्याकडे उतरले, ते तिथेच. वाडा पुण्याचा, पण नाव आमच्या गावाचे. त्यामुळे या वादात बोलण्याचा थोडा हक्क आम्हालाही पोचतो.

प्रकरण माहितीतले आहे. दंडविधानात मुलीचे संमतिवय दहा होते, ते बारा करायचे होते. बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहावर लिहीत होते. रखमाबाईंच्या खटल्याने मुंबई ढवळून निघाली होती. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची पोर नवऱ्याच्या बळजोरीने मेली, आणि मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. रानडे आणि आगरकर कायद्याच्या बाजूचे, टिळक विरोधात. तेव्हापासून एक पक्ष म्हणतो, टिळकांनी धर्मासाठी पोरींचा बळी दिला. दुसरा म्हणतो, टिळकांनी धर्म राखला. सायखेड्याचा ठराव मांडणाऱ्यांना आज हा दुसरा टिळक आपला वाटत असणार.

दोन्ही पक्ष एक गोष्ट गाळतात. कायद्याचा वाद तापला होता तेव्हाच, १८९० मध्ये, टिळकांनी स्वतःची कलमे पुढे ठेवली होती. मुलीचे लग्न सोळाच्या आत नको, मुलाचे विसाच्या आत नको, हुंडा नको, विधवेचे केशवपन नको. जे सही करतील, त्यांच्यावर ही कलमे बंधनकारक. सरकार बारा म्हणत होते तेव्हा हा माणूस सोळा म्हणत होता. सरकारचे बारा हे वय नवऱ्याने बायकोला हात लावण्याचे आणि टिळकांचे सोळा हे लग्नाचेच, हे लक्षात घेतले तर अंतर आणखी वाढते. पोरींच्या वयावर त्यांचा आक्षेप नव्हताच. उंबरा ओलांडून आत कोण येणार, हा त्यांचा मुद्दा होता. ज्याला सुधारायचे त्याने आधी स्वतःला बांधून घ्यावे, शेजाऱ्याला नंतर. परंपरा मानणाऱ्या माणसाची याहून कडक व्याख्या मला माहीत नाही.

पण इथेच थांबलो तर मीही त्या दुसऱ्या पक्षात जाऊन बसेन. टिळकांच्या कलमांची चळवळ झाली नाही. सभा संपली, माणसे घरी गेली, आणि घरी गेल्यावर काय होते, ते रानड्यांना टिळकांपेक्षा चांगले ठाऊक होते. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाचे ते खंदे पुरस्कर्ते. आता हे विधवेशीच लग्न करतील, अशी मित्रांची अपेक्षा. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि एकतीस वर्षांचे रानडे बोहल्यावर उभे राहिले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवले, मोठे केले, हे खरे. पण बापापुढे आपली जीभ कशी उचलत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळलेच असणार. कायद्याची बाजू घेणाऱ्या रानड्यांवर इंग्रजी पुस्तकांचा आरोप होतो. माझ्या मते त्यांना तो धडा घरच्याच ओसरीवर मिळाला होता. घराच्या आत भल्या माणसाचा धीर खचतो, म्हणून कुणीतरी बाहेरून दार वाजवणारे लागते.

दहा वर्षांच्या पोरीला घर शहाणे होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. तिच्यापुरते रानडे बरोबर होते, आणि जुन्या वळणाच्या माणसाने हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. टिळकांचा सोळाचा आकडा तरी कायद्याने कधी गाठला? १९२९च्या सारडा कायद्याने चौदा, १९४९ मध्ये पंधरा, आणि १९७८ मध्ये एकदम अठरा. आजही अक्षय्य तृतीया जवळ आली की बालविवाह होऊ नयेत म्हणून यंत्रणा जागी ठेवावी लागते, आणि खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो तो ग्रामसेवकच. त्या कामासाठी त्याने खुशाल माझ्या मांडवात यावे. मी त्याला खुर्ची देईन.

ठरावातला ग्रामसेवक मात्र वेगळ्या कामाला बोलावलेला आहे. तिथे दहा वर्षांची पोर नाही. कायद्याने सज्ञान झालेली, मतदान करणारी बाई आहे. तिच्या बापाला जे बोलता आले नाही, ते कार्यालयाने तिला बोलावे, अशी मागणी आहे. विशेष विवाह कायद्यात १९५४ पासून तीस दिवसांची नोटीस आहेच. ती बोर्डावर लागते आणि गावभर होते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. पहिल्या आदेशात आंतरजातीय विवाहही होते. ओरड झाल्यावर ते वगळले. १८९१ मध्ये परंपरेच्या नावाने सरकारला सांगितले गेले, की आत येऊ नका. आता त्याच परंपरेच्या नावाने सांगितले जाते, की आत या आणि आमची पोर तेवढी अडवा.

ही उलटापालट झाली कशी? लोक म्हणतात, काळ बिघडला. मला वाटते, टिळकांच्या युक्तिवादातच एक खिळा कच्चा राहिला होता. कायदा करणारे सरकार परके आहे, या गोष्टीवर त्यांनी फार भार टाकला. १९४७ मध्ये तो खिळा निखळला. सरकार आपले झाले, आणि आपल्या माणसाला उंबऱ्यावर अडवायचे कसे? हिंदू कोडाच्या वेळी उजवीकडून आरडाओरड झाली, पण 'घर सरकारच्या आधीचे' हे तत्त्व म्हणून कुणी नीट मांडले नाही. आपले सरकार आपल्या मनासारखे वागत नाही, एवढीच तक्रार राहिली. मग पुढची पायरी सोपी होती. सरकार मनासारखे झाले की त्यालाच घरात बसवायचे.

साडूंच्या अमेरिकेतही पाणी याच उताराने वाहिले. १९५३ मध्ये रॉबर्ट निस्बेटने लिहिले, की कुटुंब, चर्च, शेजार ही मधली ठाणी खिळखिळी झाली की माणूस थेट सरकारच्या पदराखाली जातो. तिथल्या जुन्या वळणाच्या लोकांचा हा धर्मग्रंथच म्हणा. पुढे त्यांचा लाडका नेता झालेल्या रेगनने १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून, कुणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर सही केली; सरकारने शयनगृहात दिवा लावून बघू नये, हे त्यात आलेच. आणि ४ जुलै २०२५ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, ट्रम्प यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात २०२५ ते २०२८ दरम्यान जन्मणाऱ्या अमेरिकी नागरिक बाळाच्या नावाने सरकारने हजार डॉलर टाकायची तरतूद आहे. मदत वाईट, असे मी म्हणत नाही. पण बाळाच्या बारशाला सरकारचे पाकीट सर्वांत आधी आले, तर आत्याने काय करायचे?

साडूंना हे पटले नाही. ते म्हणाले, "अहो, तिकडचा उन्हाळा बघा एकदा. मे-अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत नुसतं कुटुंब. चार जुलैला अख्खी गल्ली शेगडी पेटवून अंगणात. परंपरा टिकवायला धोरण लागतंच." मला या उदाहरणाचा आनंदच झाला, कारण त्याने माझीच बाजू उचलली. मेमोरियल डे सोमवारी आला तो १९६८च्या कायद्याने, १९७१ पासून. शाळांची लांबलचक उन्हाळी सुट्टीही शेतीच्या कामासाठी पडली, अशी तिकडे समजूत आहे. प्रत्यक्षात शेतकऱ्यांना पोरे पेरणीला आणि काढणीला लागत, आणि ऐन उन्हाळ्यात बंद पडू लागल्या त्या उकाड्याने तापलेल्या शहरांतल्या शाळा. आमची मेची सुट्टी तरी कोणत्या पुराणातली? तीही शाळा-कचेऱ्यांच्या पत्रकातूनच आली. सरकार सुट्टी देऊ शकते. सुट्टीत मामाकडे जा, असे परिपत्रक मात्र आजवर निघालेले नाही, आणि तरी पोरे जात राहिली.

पोरे जात राहिली, कारण आधी आई जात होती. शाळेच्या सुट्टीहून जुनी आहे ती अक्षय्य तृतीया, आमच्या शेजारच्या खानदेशातली आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येणार, झाडाला झोका टांगला जाणार, घागर पुजली जाणार, आमरस आणि सांजोऱ्या. तिला आणायला घरचा कुणी पोरगा जातो, तो मुराळी. मुराळ्याच्या हातात कागद नसतो. तो सासरच्या ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि म्हणतो, ताईला न्यायला आलोय. घराची सगळी सत्ता एवढीच असते. बोलावणे आपल्या हाती असते. तिने यायचे की नाही, ते तिच्या हाती.

आमच्या भाऊकीतल्या एका पोरीने चार वर्षांपूर्वी नोंदणी पद्धतीने लग्न केले. बापाने तिचे नाव टाकले. दोन आखाज्या झोका बांधला गेला, पण तिच्यासाठी कुणी गेले नाही. तिसऱ्या वर्षी तिच्या आजीने, कुणालाही न विचारता, धाकट्या नातवाला मोटारसायकल देऊन पिटाळले. पोरगी आली. पहिले दोन दिवस बापाने चाळीतच मुक्काम ठोकला. कांदा निवडतोय म्हणाला. तिसऱ्या दिवशी पंगतीला बसला, पण बोलला नाही.

साडूंनी विचारले, "मग संमती दिली का बापानं?"

मी म्हणालो, त्याला कुणी विचारलेच नाही. ती निघाली तेव्हा तिच्या गाडीत कांद्याची गोणी मात्र त्यानेच उचलून ठेवली. निवडलेल्या कांद्याची. संमतीचा रकाना त्या घरात अजून कोराच आहे.